तांब्यातला परका अणू



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते धातुशास्त्राचे शिक्षक होते. फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी धातूचा तुकडा विद्यार्थ्याच्या हातात द्यायचा, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. म्हणून मीही आज समोरच्या टेबलावर थोडे सामान मांडले आहे. एसीच्या नळीचा एक तुकडा, रेल्वेच्या ओव्हरहेड तारेचा एक कापलेला नमुना, वारकऱ्यांच्या टाळांची एक जोडी, बंदुकीचे एक रिकामे काडतूस आणि मोटारीच्या कारखान्यात पत्रे जोडणाऱ्या स्पॉट वेल्डिंगच्या यंत्राची झिजलेली टीप. या सगळ्यांत सर्वांत मोठा वाटा तांब्याचा आहे. तरी नळी हाताने वाकते, टाळ वाकवू गेलात तर फुटेल. तार वीज उत्तम वाहते, टाळाचा धातू त्या कामी निरुपयोगी. टीप लालबुंद पत्र्यावर दिवसभर दाबली जाते आणि तरी बराच काळ चेपत नाही.

हा फरक कशामुळे पडतो? सर्वसाधारण उत्तर असे, की त्यांत वेगवेगळे पदार्थ मिसळले आहेत. ते खरे आहे, पण अर्धेच. पदार्थ कोणता मिसळला आणि किती मिसळला, याइतकेच किंवा त्याहूनही महत्त्वाचे असते ते हे, की मिसळलेला अणू तांब्याच्या आत नेमका कुठे जाऊन बसला. ती जागा ठरवण्याचे साधन म्हणजे भट्टी. आजचे माझे सांगणे एवढ्या एका मुद्द्याभोवती आहे.

सुरुवात समुद्राच्या तळापासून करू. 1857 साली अटलांटिक महासागराखालून आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तारायंत्राची केबल टाकण्याची तयारी चालू होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, त्या कंपनीच्या संचालकांपैकी होते. त्यांनी बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या तारांचा रोध मोजला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. सारख्या जाडीच्या, सारख्या दिसणाऱ्या, 'तांबे' म्हणूनच विकल्या जाणाऱ्या तारांच्या वाहकतेत प्रचंड तफावत होती. तोवर व्यापारी ठोकून, ओढून, रंग पाहून तांबे पारखत. त्यातून वीज किती वाहते हा प्रश्नच कुणाला पडलेला नव्हता. 1858 च्या ऑगस्टमध्ये केबल जोडली गेली आणि तीनएक आठवड्यांत मुकी झाली. ती मुकी होण्यामागे वेगळी कारणे होती. तिच्यावर फार मोठा विद्युतदाब दिला गेला आणि वेष्टन निकामी झाले. पण त्या अपयशानंतर जी चौकशी झाली, तिच्यात तांब्याची शुद्धता हा मुख्य विषयांपैकी एक ठरला.

ते काम ऑगस्टस मॅथिसन या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. हायडेलबर्गला बुन्सेन यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. त्याने जगभरातून आलेले तांबे तपासले. शुद्ध तांब्याची वाहकता 100 धरली, तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या खाणींतले तांबे जवळपास तिथवर पोचत होते; स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या तांब्याचा आकडा मात्र 14 च्या आसपास आला. म्हणजे तीच तार, तोच पैसा, आणि काम सातव्या हिश्शाएवढे. दोष आर्सेनिकचा होता. पुढे मॅथिसनने जो नियम मांडला तो आजही त्याच्या नावाने शिकवला जातो. धातूच्या रोधाचे दोन भाग असतात. एक तापमानामुळे होणाऱ्या अणूंच्या थरथरीचा, दुसरा परक्या अणूंचा. पहिला थंड केल्यावर कमी होतो, दुसरा कितीही थंड केले तरी हटत नाही. अटलांटिकची यशस्वी केबल 1866 साली जोडली गेली ती चांगल्या वाहकतेच्या तांब्याची अट घालून. तीच अट पुढच्या केबलींना लागू झाली, आणि 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली तेव्हा आपले शहरही त्या जाळ्यात आले. 1913 पासून तांब्याच्या वाहकतेला आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. तेव्हाच्या चांगल्या, नरम केलेल्या तांब्याला 100 टक्के धरले गेले. आजचे तांबे इतके शुद्ध निघते, की मोजमाप 101 टक्के दाखवते.

पण सगळेच परके अणू सारखे छळत नाहीत, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. तांब्यात वजनाने 0.1 टक्का चांदी घाला, वाहकतेत जेमतेम फरक पडतो. 0.04 टक्के फॉस्फरस घाला, वाहकता 80 टक्क्यांच्या आसपास घसरते. 1921 साली नॉरबरी आणि 1932 साली लिंडे यांनी याची संगती लावली. तांब्याचा अणू एक संयुजी इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. परका अणू त्याहून जितके जास्त सोडतो, त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात रोध वाढतो. चांदीचा फरक शून्य. जस्ताचा एक. आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचा चार, म्हणजे वर्ग सोळा. शंभर अणूंमागे आर्सेनिकचा एक अणू विरघळला, की तांब्याच्या स्वतःच्या रोधात त्याच्या तिपटीहून अधिक भर पडते. इलेक्ट्रॉन नेहमीच्या तापमानाला शुद्ध तांब्यात अडथळ्यावाचून सुमारे 40 नॅनोमीटर जातो, म्हणजे शंभराहून अधिक अणू ओलांडतो. त्या वाटेत एक भलत्याच विद्युतभाराचा अणू आला, की तो भरकटतो.

आर्सेनिकला मात्र सरसकट खलनायक ठरवू नका. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला 1974 साली बैलगाडी, हत्ती, गेंडा आणि म्हैस असे चार धातूचे पुतळे सापडले. त्यांच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त आढळले आणि त्यावरून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला. ओतकामात आर्सेनिकमुळे तांब्यातला प्राणवायू निघून जातो, ओतीव स्वच्छ येते आणि ठोकल्यावर धातू कठीण होतो. वाफेच्या इंजिनांच्या तांब्याच्या अग्निपेटीतही अर्ध्या टक्क्याच्या आत आर्सेनिक मुद्दाम ठेवत, कारण त्यामुळे तांबे तापल्यावर लवकर नरम पडत नसे. जहाजांच्या कंडेन्सरमधल्या पितळी नळ्यांत आर्सेनिकचा अगदी थोडा अंश असतो, तो समुद्राच्या पाण्याला पितळातले जस्त ओढून नेऊ देत नाही.

आता जागेचा मुद्दा स्पष्ट करणारी दोन उदाहरणे. पहिले प्राणवायूचे. तांबे शुद्ध करताना भट्टीत हवा सोडून घाण जाळतात, मग जादा प्राणवायू काढण्यासाठी पूर्वी वितळलेल्या तांब्यात ओल्या लाकडांचे ओंडके खुपसत. तरी 0.02 ते 0.04 टक्के प्राणवायू उरतो, आणि तो उरलेला बरा असतो. लोखंडासारख्या उरल्यासुरल्या अशुद्धी तांब्यात विरघळलेल्या असल्या तर वाहकता खातात. प्राणवायू त्यांना ऑक्साइडच्या बारीक कणांत बांधून टाकतो. अशुद्धी तेवढ्याच राहिल्या, फक्त विरघळलेल्या अवस्थेतून कणांत गेल्या, आणि तांबे पुन्हा वीज वाहू लागले. पण हेच तांबे हायड्रोजन असलेल्या ज्योतीत तापवले, तर हायड्रोजन आत शिरून त्या ऑक्साइडशी भिडतो, पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि धातू आतून तडकतो. एसीच्या नळ्या गॅसच्या ज्योतीने जोडाव्या लागतात. म्हणून त्यांच्यासाठी फॉस्फरस घालून प्राणवायू काढलेले तांबे वापरतात. वाहकता पाचव्या हिश्शाने गेली तरी चालते, नळीतून वीज कुठे न्यायची आहे! दुसरे उदाहरण बिस्मथचे. तो तांब्यात जवळजवळ विरघळतच नाही. काही हजारांश टक्का बिस्मथ धातू ज्या स्फटिक-कणांचा बनलेला असतो त्यांच्या सीमांवर अणूंच्या थरासारखा पसरतो आणि तांब्यासारखा लवचीक धातू ठिसूळ करून टाकतो. धातूच्या पोटात तेवढाच बिस्मथ कणांच्या आत कुठे असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता.

मिश्रण थोडे बाजूला ठेवून आता शुद्ध तांब्याकडे आणि हातोड्याकडे वळू.

(येथे वक्त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीची, भट्टीत नरम केलेली तांब्याची सळई पुढच्या रांगेतल्या एका मुलीला वाकवायला दिली. ती तिने सहज वाकवली. तीच सळई सरळ करायला एका धडधाकट तरुणाला दिली, तेव्हा ती सरळ होईना.)

पाहिलेत ना? वाकवताना सळई बदलली. स्फटिकात ज्या रेषांवरून अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, त्यांना विस्थापन-रेषा म्हणतात. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी 1934 साली स्वतंत्रपणे त्यांची कल्पना मांडली. नरम तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या रेषांची एकूण लांबी शेकडो किलोमीटर भरते. चांगले ठोकलेल्या तांब्यात ती दहा लाख किलोमीटरवर जाते. इतक्या रेषा एकमेकींत अडकल्या की सरकणे थांबते आणि धातू कठीण होतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घंगाळे आणि बंब मठारले जातात, त्यांच्या पृष्ठभागावरचे ते सारख्या अंतराचे ठोके शोभेसाठी आहेतच, पण पातळ पत्र्याला ताठपणाही त्यांतूनच येतो. आणि ठोकता ठोकता पत्रा कठीण झाला की तांबट तो भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतो. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवतो ते कठीण व्हावे म्हणून. तांबटाचे भांडे पाण्यात बुडवल्यावर नरमच राहते, कारण शुद्ध तांब्याला थंड होण्याच्या वेगाचे सोयरसुतक नाही. तापल्यावर अडकलेल्या रेषा निघून गेल्या, नवे कण उगवले, काम तिथेच संपले. पाण्याने फक्त वरचा काळा थर सुटतो आणि वेळ वाचतो.

इंजिनिअरांसाठी यातली मोलाची गोष्ट अशी, की ठोकण्या-ओढण्याने तांब्याची वाहकता फारशी जात नाही. नरम तांब्याची ताण-शक्ती सुमारे 220 मेगापास्कल. तारेत ओढल्यावर ती 400 च्या आसपास जाते आणि वाहकता मात्र दोन-तीन टक्केच घटते. आपल्या तळोज्याचा हिंदुस्तान कॉपरचा कारखाना 8 मिलिमीटरच्या सळईसाठी उभारला गेला. अशीच सळई ओढून एकीकडे विजेच्या मोटारीच्या वाइंडिंगची नरम केलेली तार करता येते आणि दुसरीकडे खांबांवरची कठीण तार. पण या कठीणपणाला उष्णतेचे भय आहे. दीड-दोनशे अंशांवर शुद्ध ओढलेले तांबे हळूहळू नरम पडू लागते. तिथे 0.1 टक्का चांदी कामाला येते. ती वाहकतेला हात लावत नाही आणि नरम पडण्याचे तापमान शंभर-एक अंशांनी वर नेते. विजेच्या मोटारीचा कॉम्यूटेटर म्हणून चांदीयुक्त तांब्याचा करतात.

आता काडतुसाविषयी. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण या कथेतला पाऊस आपला आहे. काडतुसाचे पितळ म्हणजे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. जस्ताचा अणू तांब्याहून थोडाच मोठा, तो तांब्याच्या जाळीत सहज मावतो. विल्यम ह्यूम-रॉदरी या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने दाखवले, की अणूंच्या आकारातला फरक 15 टक्क्यांहून कमी असेल तरच भरपूर विरघळणे शक्य होते. मेंदूज्वराने तरुणपणीच बहिरे झालेल्या या माणसाने तांब्याच्या मिश्रधातूंवरून साऱ्या मिश्रधातूंचे नियम शोधले. जस्त 30 टक्क्यांवर असताना पितळ सर्वांत जास्त ताणते. म्हणून वाटीसारखा तुकडा ओढत ओढत लांब नळकांडे करता येते, मधूनमधून भट्टीत नरम करत. जस्त आणखी वाढवून 40 टक्के केले की दुसरीच रचना येते. ते पितळ थंड असताना ताणत नाही, पण लाल असताना लोण्यासारखे दाबले जाते. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झ याने 1832 साली त्याचे पेटंट घेतले आणि लाकडी जहाजांचे तळ त्या पत्र्याने मढवले गेले.

ब्रिटिश काळात भारतातल्या लष्करी कोठारांत एक विचित्र प्रकार होई. उन्हाळ्यात धडधाकट ठेवलेल्या काडतुसांच्या पितळाला पावसाळ्यात लांब तडे जात. कुणी हात लावलेला नाही, बार काढलेला नाही, आणि काडतूस तडकलेले. अनेक वर्षे हा पावसाळी रोगच समजला गेला. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचे कारण पक्के केले. काडतूस ओढताना पितळात ताण अडकून राहतो. बाहेरून दिसत नाही, पण धातू आतल्या आत सतत ओढला जात असतो. काडतुसे बहुधा घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे, पावसाळ्याच्या दमट हवेत तो पितळावरच्या ओलाव्यात विरघळे आणि ताणलेल्या कणांच्या सीमांवरून तांबे खात जाई. ताण, अमोनिया आणि ओलावा, या तिन्हींतले एक नसते तर तडा गेला नसता.

घोडे हटवणे किंवा पाऊस थांबवणे कुणाच्या हातात नव्हते. हातात होता तो ताण. पितळ 250 ते 300 अंशांवर तासभर ठेवले, की अडकलेला ताण सुटतो आणि कठीणपणा जवळजवळ तसाच राहतो. त्याहून वर नेले तर नवे कण उगवून पितळ नरम होते. त्या अरुंद पट्ट्यात थांबण्यालाच मी उष्णता-संस्करणाचे कौशल्य म्हणते. हे टेबलावरचे काडतूस नीट पाहा. तोंडाकडचा भाग किंचित काळसर-निळसर दिसतो, बुडाकडचा पिवळाधमक आहे. तोंड ज्योतीने मुद्दाम नरम केले आहे, म्हणजे गोळी धरून ठेवताना वर्षानुवर्षांत तडा जाऊ नये. बूड कठीणच ठेवले आहे, नाहीतर बार उडताना ते फुगेल. एकाच तुकड्यात एकच धातू, एकच मिश्रण, आणि दोन टोकांना दोन स्वभाव. खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत काडतुसे होतात, तिथल्या कामगारांना मी हे नव्याने सांगायला नको.

पितळाचे इतर भाऊबंद मी भरभर ओलांडते. दहा रुपयांच्या नाण्याची पिवळी कड 92 टक्के तांबे, 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 2 टक्के निकेलची. तांब्यात 25 टक्के निकेल घातले की तांबूसपणा नाहीसा होऊन नाणे चांदीसारखे दिसते. 45 टक्के निकेल घातले की रोध इतका वाढतो आणि तापमानाने इतका कमी बदलतो, की मोजमापाच्या उपकरणांतली रोध-तार त्याचीच करतात.

टाळाकडे मात्र थांबावेच लागेल. कांसे म्हणजे साधारण 78 भाग तांबे आणि 22 भाग कथील. एवढे कथील तांब्यात राहायला तयार नसते. ओतून सावकाश थंड केले, तर सुमारे 520 अंशांखाली त्यात एक कडक, काचेसारखी ठिसूळ रचना वेगळी होते. ते कांसे हातोड्याखाली तुकडे तुकडे होते. पण 600 ते 700 अंशांवर तेच कांसे सुंदर ठोकले जाते. तेव्हा तिथेच, तांबूस प्रकाशात, ठोकून आकार द्यायचा आणि लगेच पाण्यात बुडवायचे, म्हणजे ठिसूळ रचनेला वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. तांबट पाण्यात बुडवतो तेव्हा काहीच होत नाही. कासार बुडवतो तेव्हा भांडे वाचते. बेंगळुरूच्या शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिण भारतातल्या पुरातन काशाच्या भांड्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून दाखवले, की ही पद्धत लोहयुगापासून चालत आली आहे. आपल्या घरातल्या काशाच्या वाटीमागे, जिने तळपायाला तूप चोळतात, कुठल्या ना कुठल्या कारागिराची ही समज आहे.

आतापर्यंतचे सगळे मार्ग एका अडचणीपाशी येऊन थांबतात. मिश्रण करून तांबे बळकट केले की वाहकता जाते, ठोकून बळकट केले की उष्णतेत टिकत नाही. दोन्ही हवे असेल तर? याचे उत्तर आधी ॲल्युमिनियमने दिले. आल्फ्रेड विल्म याला 1906 साली बर्लिनजवळ दिसले, की तापवून पाण्यात बुडवलेला त्याचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता ठेवून दिल्यावर काही दिवसांत कठीण झाला. 1919 साली मेरिका आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारण सुचवले, की विरघळलेले अणू हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म कण होतात. त्या सूत्रावर 1920 च्या दशकात तांब्यासाठी शोध सुरू झाला. अमेरिकेत मायकेल कोर्सन याने तांब्यात निकेल आणि सिलिकॉन, जर्मनीत सीमेन्सच्या प्रयोगशाळेत तांब्यात बेरिलियम.

बेरिलियमचे तांबे घ्या. साधारण 2 टक्के बेरिलियम. 780-800 अंशांवर ते सगळे तांब्यात विरघळते. झटकन पाण्यात बुडवले की विरघळलेलेच अडकून पडते. अशा अवस्थेत धातू नरम असतो, त्याच्या पट्ट्या, कमानी, स्प्रिंगा सहज करता येतात. वाहकता 15 ते 19 टक्के, शक्ती पाचशे मेगापास्कलच्या आसपास. मग तयार झालेली स्प्रिंग 315-320 अंशांवर दोन-तीन तास ठेवायची. याला एजिंग म्हणतात. अडकलेले बेरिलियम गटागटाने बाहेर पडते आणि शक्ती 1200 वर जाते, म्हणजे चांगल्या पोलादाच्या बरोबरीने. आणि वाहकता कमी होत नाही, ती 22 टक्क्यांच्या पुढे वाढते! त्या एका तापवण्याने बळ आणि वाहकता दोन्ही एकदम वाढले. विद्यार्थी असताना हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला आणि याच विषयात आयुष्य घालवायचे ठरवले.

असे का होते? भातात खडे विखुरलेले असले तर प्रत्येक घास अडखळतो. तेच खडे वेचून ताटाच्या कडेला ठेवले तर उरलेला भात निर्वेध खाता येतो. विरघळलेला प्रत्येक परका अणू इलेक्ट्रॉनला एकेकटा अडवतो. ते अणू दोन-तीन नॅनोमीटरच्या गोळ्यांत जमले, की मधले तांबे पुन्हा शुद्ध होते आणि इलेक्ट्रॉन सुसाट जातो. विस्थापन-रेषांचे मात्र उलट आहे. एकेकट्या विखुरलेल्या अणूंना त्या थोड्या खर्चाने ओलांडतात, पण घट्ट गोळ्यांच्या रांगेत त्या अडकतात. परके अणू तेवढेच, त्यांची जागा बदलली, आणि वाहकता व बळ यांचे वैर संपले.

बेरिलियमची बारीक धूळ फुप्फुसात गेली तर गंभीर, बरा न होणारा आजार होतो. तयार धातू हाताळण्यात धोका नाही. घासणे आणि वितळवणे मात्र कडक बंदोबस्तातच व्हायला हवे, आणि ते आपल्याकडे सगळीकडे होतेच असे मला म्हणवत नाही. हा धातू अजूनही तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत ठिणगी न उडणाऱ्या पान्यांसाठी वापरतात. मोबाइलच्या आणि मोटारीच्या कनेक्टरांत कोर्सनच्या निकेल-सिलिकॉनच्या तांब्याने बरीच जागा घेतली आहे.

क्रोमियमचे तांबे या दृष्टीने आणखी स्वच्छ उदाहरण. तांब्यात 1076 अंशांवर क्रोमियम फार तर 0.7 टक्के विरघळते आणि थंडीत जवळजवळ शून्य. म्हणून एजिंगनंतर, साडेचारशे-पाचशे अंशांवर, जवळपास सगळे बाहेर पडते. पाण्यात बुडवल्यावर 40 टक्क्यांच्या आसपास असलेली वाहकता 80 च्या वर जाते. जोडीला किंचित झिर्कोनियम घातले की उष्णतेतला ठिसूळपणाही कमी होतो. स्पॉट वेल्डिंगच्या टिपा याच्याच असतात. यात तपासणीची एक उत्तम सोय आहे. टीप नीट एज झाली आहे का हे पाहायला ती फोडावी लागत नाही. एडी करंटच्या मीटरने वाहकता मोजली की समजते. वाहकता 50 दाखवली तर भट्टीतले काम अर्धवट राहिले. चाकण-पिंपरीच्या छोट्या पुरवठादारांनी हा मीटर घ्यावा असे मी गेली कित्येक वर्षे सांगत आले आहे.

एका मोटारीच्या सांगाड्यावर हजारो ठिकाणी असे ठिपके पडतात आणि प्रत्येक ठिपक्याला हजारो अँपिअरची वीज टिपेतून जाते. मोटारीचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो. ते जस्त टिपेच्या तोंडात शिरते आणि तिथे, कुणी न सांगता, पितळ तयार होते. पितळाची वाहकता कमी, म्हणून तोंड अधिक तापते, अधिक जस्त घेते, आणि चेपून छत्रीसारखे पसरते. हा टेबलावरचा नमुना पाहा, तोंडाशी पिवळी झाक आहे. वर त्या उष्णतेने क्रोमियमचे कण फुगून मोठे आणि विरळ होतात, धातू पुन्हा नरम पडतो. म्हणून दर काहीशे ठिपक्यांनंतर टीप छिलून नवे तोंड काढावे लागते.

आता टेबलावरच्या रेल्वेच्या तारेचे गणित मी तुमच्यासमोर करून दाखवते, कारण ते सोपे आहे. आपल्याकडे 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. आज 25 हजार व्होल्टच्या मार्गांवर 107 चौरस मिलिमीटरची कठीण ओढलेली तांब्याची तार असते, तिच्यावर सुमारे एक टन ताण. तारेचे वजन मीटरला 0.95 किलो. ताणाला वजनाने भागून वर्गमूळ काढले, की तारेतून लाट किती वेगाने धावते ते मिळते. ते येते सेकंदाला शंभर मीटर, म्हणजे ताशी 365 किलोमीटरच्या आसपास. गाडीचा वेग या लाटेच्या 70 टक्क्यांवर गेला की पेंटोग्राफ आणि तार यांची संगत सुटू लागते. म्हणजे मर्यादा ताशी अडीचशे. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी ठरवलेला 320 चा वेग हवा असेल तर ताण दीडपटीहून वाढवावा लागतो, आणि झिजत जाणाऱ्या शुद्ध तांब्याच्या तारेला तो सुरक्षितपणे पेलवत नाही. तेव्हा अर्धा टक्का मॅग्नेशियम घालून 62 टक्के वाहकतेवर समाधान मानायचे, की थोडे कथील घालून 72 वर थांबायचे, की किलोमीटरभर लांबीच्या तारेला क्रोमियम-झिर्कोनियमचे उष्णता-संस्करण करण्याचा खटाटोप करायचा, असे तीन मार्ग आहेत. तिन्ही जगात वापरले गेले आहेत. मला तिसरा पटतो, पण तो सर्वांत खर्चाचा आहे. आपल्या मार्गांवर वरची आधार-तार बराच काळ कॅडमियमच्या तांब्याची होती. वाहकतेच्या दृष्टीने कॅडमियम उत्तम, इलेक्ट्रॉनांच्या फरकाचा वर्ग अवघा एक. पण वितळवताना त्याचा धूर विषारी, म्हणून त्याला रजा देणे योग्यच.

शेवटी या क्षेत्राच्या आजच्या सीमेपर्यंत जाऊ. फ्रान्समध्ये कादाराश येथे आयटर ही अणुसंमीलनाची भट्टी उभी राहते आहे, भारत तिच्या सात भागीदारांपैकी एक आहे. तिच्या तळाशी डायव्हर्टर नावाच्या भागावर दर चौरस मीटरला एक कोटी वॉट, क्षणभर त्याच्या दुप्पट, उष्णता पडणार. वर टंगस्टनचे ठोकळे आणि त्यांच्या पोटातून जाणारी पाण्याची नळी क्रोमियम-झिर्कोनियमच्या तांब्याची. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही अशा जोडांवर काम झाले आहे. अडचण अशी, की टंगस्टन तांब्याला जोडायला जे तापमान लागते त्यात आधीचे एजिंग पुसले जाते, म्हणून जोडल्यावर झपाट्याने थंड करून पुन्हा एजिंग करावे लागते. आणि प्रत्यक्ष वापरात साडेतीनशे अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले, तर कण फुगून तांबे नरम पडते. भट्टीने जी जागा दिली, ती भट्टीच काढून घेते.

त्यावर उपाय म्हणून परक्या अणूला अशा रूपात बसवायचे, की तांबे वितळेपर्यंत तो परत विरघळणारच नाही. तांब्यात अगदी थोडे ॲल्युमिनियम विरघळवून त्याची भुकटी करतात आणि ती मोजक्या प्राणवायूसह तापवतात. प्राणवायू आत झिरपतो, ॲल्युमिनियम जिथे असेल तिथेच त्याचे नॅनोमीटरच्या मापाचे ऑक्साइडचे कण होतात, मग भुकटी दाबून घट्ट धातू करतात. ग्लिडकॉप नावाने ते विकले जाते. कमी ऑक्साइडच्या प्रकारात वाहकता 90 टक्क्यांवर राहते आणि आठशे-नऊशे अंशांची भट्टी पाहूनही त्याचे बळ बरेचसे टिकते. पण ते वितळवून वेल्ड करता येत नाही. वितळले की ऑक्साइडचे कण गोळा होतात, तरंगून वर येतात आणि जोडाच्या जागी उरते साधे, नरम तांबे. जगभरच्या प्रयोगशाळांत सध्या या जोडावर झटापट चालू आहे. घर्षणाने, न वितळवता जोडण्याचे काही प्रयोग आशादायक वाटतात. त्यांविषयी कुणाला विचारायचे असेल, तर आता प्रश्न घेऊ या.